काळं कुत्रं, अंधारा रस्ता: रात्री फिरवताना तुम्ही काय लावता?

कोयनाकाठ | १ डिसेंबर, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. आमची जांभूळ तीन वर्षांची, पूर्ण काळी, छातीवर फक्त रुपयाएवढा पांढरा ठिपका. मला कामावरून यायला साडेआठ होतात त्यामुळे तिचं फिरणं नऊनंतरच. आम्ही कराडच्या बाहेर, ओगलेवाडीच्या पुढे राहतो, आमच्या टप्प्यात रस्त्याला दिवे नाहीत आणि कारखाने सुरू झालेत म्हणजे उसाचे ट्रॅक्टर रात्रभर चालू.

गुरुवारी तिला घेऊन कडेच्या मातीतूनच चालले होते. एका ट्रॉलीला ओव्हरटेक करत दुधाचा टेम्पो आला आणि ही नेमकी त्याच वेळी काहीतरी हुंगत दोन पावलं डांबरावर गेली. दोरी मनगटाला गुंडाळलेली होती म्हणून ओढता आली. टेम्पो ओढणीला वारा लावून गेला. ड्रायव्हर पुढे जाऊन थांबला, उतरून आला, हात थरथरत होते त्याचे. म्हणाला, "ताई तुम्ही दिसलात ओ, कुत्रं दिसलंच नाही." मी भांडायच्या तयारीत होते पण त्याचा चेहरा बघून बोललेच नाही काही.

घरी आल्यावर एकच डोक्यात, त्या उसाच्या ट्रॉलीला मागे रेडियमची लाल-पांढरी पट्टी होती. उसाला आहे आणि माझ्या जांभूळला नाही.

तर तुम्ही काय वापरता? दिव्याचा पट्टा, रेडियमचा पट्टा, जॅकेट? आणि दुसरं, आमच्या वळणावर लंगडी म्हणून एक गावठी कुत्री आणि तिची दोन वाढलेली पिल्लं रात्री भर रस्त्यात झोपतात. त्यांच्यासाठी काही करता येईल का?

पावटा_उसळ | १ डिसेंबर, रात्री ११:०५

वाचून काटा आला. दोघी ठीक आहात ना? आधी जांभूळचा फोटो टाका.

रात्रपाळी | १ डिसेंबर, रात्री ११:२०

मी ऑनलाइन यूएसबीवर चार्ज होणारा एलईडी पट्टा घेतला, ३५० ला पडला. गळ्यात पूर्ण गोल पेटतो त्यामुळे कुठल्याही बाजूने दिसतो. दोन तास चार्ज केला की आमच्या फिरण्याला चार-पाच दिवस पुरतो. ब्लिंकिंगवर ठेवू नका, आमच्या टायगरला स्वतःच्याच गळ्यात लुकलुकतंय ते आवडत नाही, सारखा पाय मारतो. स्थिर उजेडावर शांत असतो.

डांबरी_वाट | २ डिसेंबर, सकाळी ६:१५

२२ वर्षं एसटी चालवतोय, त्यातली निम्मी रातराणी. ड्रायव्हरच्या बाजूनं सांगतो.

कुत्र्याला गाडी दिसते म्हणून आपण समजतो की गाडीवाल्यालाही कुत्रं दिसत असणार. तसं नसतंय. समोरून कोण अप्पर, म्हणजे हेडलाइटचा वरचा उजेड, मारत आला की त्या गाडीला क्रॉस करेपर्यंत आणि वर दोन-तीन सेकंद आपल्याला पुढचं काळंकुट्ट. तेवढ्यात जे रस्त्यावर असेल ते देवाच्या भरवशावर. नवीन डांबर आणि पाऊस पडून गेलेला असला तर आणखी वाईट, सगळा रस्ताच आरसा होतो.

हिशोब बघा. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६-१७ मीटर. दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईस्तोवर दीड सेकंद धरा, २५ मीटर तिथंच संपले. मग छोटी गाडी थांबायला कोरड्या रस्त्यावर अजून २० तरी, आमच्या भरलेल्या गाडीला त्याहून जास्त. म्हणजे ४५ च्या पुढं. आणि डिपरवर, म्हणजे खालच्या उजेडात, काळं कुत्रं मला ३० मीटरच्या आधी कधी दिसलेलं नाही. करा वजाबाकी.

डोळे चमकतात म्हणतात, चमकतात खरं, पण त्यानं आपल्याकडं बघितलं तर. खाली मान घालून हुंगणाऱ्याचे काय चमकणार.

आणि नवीन गाडी शिकणाऱ्या पोरांना मी कायम सांगतो, एक कुत्रं आडवं गेलं की लगेच रेस द्यायची नाही, मागून दुसरं येतंयच. स्टेअरिंग झटक्यात वळवायचं नाही. त्यानं कुत्रं वाचतं आणि माणसं जातात.

सुमेधा_७ | २ डिसेंबर, सकाळी ९:४०

डांबरी_वाट काका, हे छापून प्रत्येक ड्रायव्हिंग स्कूलच्या भिंतीवर लावायला पाहिजे.

गोठा_आणि_गल्ली | २ डिसेंबर, दुपारी २:३०

पशुवैद्य आहे, तालुक्याच्या गावी दवाखाना. काकांनी डोळ्यांचं अगदी बरोबर सांगितलं. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे एक चकचकीत थर असतो, आलेला उजेड तो परत फेकतो, म्हणून कुत्र्याला आपल्यापेक्षा कमी उजेडात दिसतं. पण तेच डोळे प्रखर हेडलाइटसमोर दिपतात. गाडीसमोर कुत्रं थिजून उभं राहतं ते बऱ्याचदा त्यामुळे, त्या क्षणी त्याला कुठे पळायचं तेच कळत नाही.

आता पट्ट्यांबद्दल. चपट्या बटण सेलवर चालणारे स्वस्त लटकन दिवे मिळतात, ते घेऊ नका. झाकण सैल असतं, कुत्रं चावतं आणि सेल पोटात जातो. बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत आतून भाजतं. गेल्या पावसाळ्यात एक पिल्लू आलं होतं, वाचलं, पण महिनाभर पातळ पेजेवर काढावं लागलं. चार्जिंगवाला पट्टा बरा, तोही फिरून आल्यावर काढून ठेवायचा. नायलॉन ओला राहिला की मानेखाली केस जातात, खाज, मग जखम. पट्टा आणि मान यात तुमची दोन बोटं सहज जायला हवीत.

शब्दखोर | २ डिसेंबर, दुपारी ४:१०

एक विषयांतर करतो, पण उपयोगाचं आहे. आपण ज्याला रेडियम म्हणतो त्यात रेडियम कणभरही नसतं. जुन्या घड्याळांच्या काट्यांना खरं रेडियम असायचं, ते अंधारात आपलं आपण चमकायचं, तेच नाव पुढे नंबरप्लेटच्या दुकानांपर्यंत आलं. आत्ताच्या पट्टीत काचेचे बारीक मणी किंवा लोलकासारखे खाचे असतात, जिकडून उजेड येतो तिकडेच ते परत पाठवतात. स्वतःचा उजेड शून्य.

बाजारात तिसराही प्रकार आहे, दिवसा उजेड पिऊन रात्री हिरवट चमकणारा. दिसतो छान, पण गाडीच्या उजेडात त्याचा काही उपयोग नाही आणि तासाभरात मंदही होतो. लोक हाच घेऊन फसतात. दुकानात ओळखायची युक्ती: मोबाइलचा टॉर्च लावून कपाळाला टेकवायचा आणि तीन-चार हातांवरून पट्टीकडे बघायचं. दिव्यासारखी पांढरी पेटली तर खरी. टॉर्च हात लांब करून धरला तर तीच पट्टी मळकट राखाडी दिसेल, कारण उजेड टॉर्चकडे परत जातो, तुमच्या डोळ्याकडे नाही.

आणि कोयनाकाठ ताई, ओगलेवाडी म्हणजे ओगल्यांच्या काच कारखान्याचं, प्रभाकर कंदिलाचं गाव! आख्ख्या महाराष्ट्राला काच आणि कंदील पुरवलेल्या गावाच्या रस्त्यावर अंधार असावा याचं खरंच वाईट वाटलं.

कोयनाकाठ | २ डिसेंबर, रात्री १०:१५

शब्दखोर, आजोबा ओगल्यांच्या कारखान्यात होते आमचे! त्यांचा कंदील अजून माळ्यावर आहे. आज तुमची कपाळाची युक्ती करून बघितली, जांभूळच्या जुन्या पट्ट्यावरची "चमकणारी" रेघ काहीच चमकली नाही. नुसता राखाडी रंग होता तो. तीन वर्षं मी समजत होते की आहे काहीतरी.

उत्तरेचा_वारा | ३ डिसेंबर, रात्री १:२०

स्टॉकहोमहून. इथे आत्ता तीनच्या आतच सूर्य मावळतो, म्हणजे कुत्र्याला दुपारीसुद्धा अंधारातच न्यायचं. लहान मुलं, म्हातारी माणसं, कुत्री, सगळ्यांच्या अंगावर काहीतरी चमकणारं असतंच, जॅकेटं किराणा दुकानातसुद्धा मिळतात.

पाच हिवाळ्यांत शिकलेल्या दोन गोष्टी. आमचा कुत्रा झिपरा आहे, गळ्यातला दिवा केसांत बुडतो, बाहेर नुसता अंधूक लालसर धूर दिसतो. त्याच्यासाठी छाती आणि पोट धरणारं जॅकेटच लागतं. जांभूळचे केस आखूड असतील तर पट्टा चालेल. दुसरं, दोरीसुद्धा चमकणारी घ्या. माणूस दिसतो, कुत्रा दिसतो, मधली दोरी दिसत नाही आणि सायकलवाला नेमका मधून घालतो. माझ्या डोळ्यांसमोर झालंय, तिघेही पडले.

रात्रपाळी | ३ डिसेंबर, सकाळी ७:००

कुत्र्याला जॅकेट म्हटलं की आमच्याकडे बिल्डिंगमधली पोरं वरात काढतात, "टायगर ट्रॅफिक हवालदार झाला" म्हणून. त्याला मात्र फार आवडतं, शेपटी वर करून चालतो.

स्पष्ट_बोलू | ३ डिसेंबर, सकाळी ११:३०

पाळलेल्या कुत्र्याचं समजू शकतो. भटक्यांना पट्टे बांधायचं मला पटत नाही. माझा मामा दोन वर्षांपूर्वी रात्री दुचाकीवरून येताना कुत्रं आडवं आलं म्हणून पडला, खांद्याचं हाड मोडलं, चार महिने घरी. ही कुत्री रस्त्यावर असूच नयेत, त्यांना सजवून तिथेच ठेवणं हा उपाय नाही.

सुमेधा_७ | ३ डिसेंबर, दुपारी १२:१०

मामांचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. पण ते कुत्रं ५० मीटरवरून दिसलं असतं तर मामा पडले असते का? पट्टा कुत्र्याइतकाच दुचाकीवाल्यासाठी असतो.

आणि रस्त्यावर असूच नयेत म्हणताय तर कायदा बघा. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस करून कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ ला आपला आधीचा आदेश बदलून तेच सांगितलं, पिसाळलेली किंवा हल्ला करणारी वगळून. नोव्हेंबरात शाळा, दवाखाने, बसस्टँडच्या आवारातल्या कुत्र्यांबद्दल वेगळा आदेश झाला, पण गल्लीतली कुत्री गल्लीतच राहणार आहेत. मग दिसलेली काय वाईट?

स्पष्ट_बोलू | ३ डिसेंबर, दुपारी १:४५

५० मीटरचा मुद्दा मान्य. पण पट्टा बांधणारा एकदा फोटो काढून जातो, नंतर बघतं कोण? आमच्या चौकात एका पिल्लाला कुणीतरी हौसेने बांधला, पिल्लू वाढलं, पट्टा मानेत रुतला. वास यायला लागला तेव्हा लोकांना कळलं. मीच उचलून दवाखान्यात नेलं होतं त्याला, सांगतो.

गोठा_आणि_गल्ली | ३ डिसेंबर, रात्री ९:००

स्पष्ट_बोलू यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि अशा केसेस मी स्वतः कापून काढल्यात. वर्षाच्या आतल्या पिल्लाला कायमचा पट्टा बांधूच नये. मोठ्या कुत्र्याला बांधायचा तर बकल नको, थोडं इलॅस्टिक किंवा वेल्क्रो असलेला, म्हणजे कुंपणात अडकलं तर झटक्याने सुटेल. आणि जो रोज खायला घालतो त्यानेच बांधावा, कारण तोच आठवड्यातून एकदा बोट घालून बघू शकतो. रोज बघणारा माणूस नसेल तर बांधू नका.

धडक झालेलं कुत्रं दिसलं तर एक लक्षात ठेवा: उठून चालायला लागलं म्हणजे वाचलं असं नाही. हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील तर आत रक्तस्राव चालू असू शकतो. पाणी पाजू नका, पोत्यावर किंवा फळीवर सरकवून घ्या, आणि दुखण्याने घरचं कुत्रंही चावतं हे ध्यानात असू द्या. चावलंच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस.

माणदेशी_वाडा | ४ डिसेंबर, रात्री ८:३०

आमची मेंढरं. दिवाळी झाली की माण तालुक्यातून खाली उतरतो, त्यामुळं रात्रीच्या कुत्र्यांचं आम्हाला विचारा. आमच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, टोकं बाहेर. लांडगा, बिबट्या पहिला गळाच धरतो म्हणून. वडलांच्या हातचा एक पट्टा अजून आहे, तीन कुत्र्यांनी वापरलाय, खिळे घासून बोथट झालेत पण चामडं शाबूत.

ताई, ऊस तोडणी चालू आहे म्हणजे बिबट्याची जागा रोज बदलतीय. नुसता दिवा लावून कुत्रं सोडू नका. उजेडाला तो दोन दिवस बिचकंल, तिसऱ्या दिवशी नाही.

वनवेडा | ४ डिसेंबर, रात्री ९:१०

दादांना अनुमोदन. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला होता, त्यात त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला, वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के. शेळ्या-गुरांपेक्षा जास्त. त्यामुळे तोडणी चालू असलेल्या फडाच्या कडेने रात्री जाऊच नका, आणि जांभूळला रात्री घरातच झोपवा, ओसरीवर बांधून तर मुळीच नको. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही.

मांडवीकाठ | ४ डिसेंबर, रात्री ११:५०

गोव्यातून. आमच्याकडे हीच गोष्ट किनाऱ्याकडच्या रस्त्यांवर होते, पर्यटक भाड्याच्या गाड्या सुसाट नेतात आणि कुत्री गार वाऱ्याला रस्त्यावर पहुडलेली. मी एक साधं केलंय: खायला घालायची जागा बदलली. आधी मी रस्त्याच्या या बाजूला घालत असे आणि ती राहायची पलीकडे, म्हणजे रोज संध्याकाळी मीच त्यांना रस्ता ओलांडायला लावत होते. आता पलीकडे जाऊन घालते, अंधार पडायच्या आत.

उंबर | ५ डिसेंबर, सकाळी ८:२०

मांडवीकाठ यांनी लाखातलं सांगितलं. त्याला धरूनच: कोयनाकाठ ताई, लंगडी आणि मंडळी डांबरावर का झोपतात? थंडी आहे, डांबर दिवसभर तापतं आणि रात्री उशिरापर्यंत कोमट राहतं. उठून जा म्हटल्यावर जाणार कुठे? त्यांना रस्त्यापेक्षा उबदार जागा द्या. तुमच्याकडे ऊस आहे म्हणजे पाचट फुकट. खताच्या जुन्या पोत्यात पाचट भरायचं, वर गोणपाट टाकायचं, भिंतीच्या आडोशाला वाऱ्याच्या उलट्या बाजूला ठेवायचं. नुसता पाचटाचा ढीग करू नका, उंदीर येतात आणि उंदरांमागे घोणस, नाग. पोतं दोन-चार दिवसांनी काठीने हलवून बघायचं.

डांबरी_वाट | ५ डिसेंबर, दुपारी ३:००

उंबर, हे डोक्यातच आलं नव्हतं माझ्या. थंडीत रस्त्यात बसलेली कुत्री हॉर्नला उठत नाहीत म्हणून आम्ही वैतागतो. आमच्या डेपोच्या गेटवर चार आहेत, आजच पोती बघतो.

पावटा_उसळ | ५ डिसेंबर, दुपारी ३:३०

धागा वाचून आत्ता गाडीखाली वाकून बघून मग गाडी काढली. एक पिल्लू खरंच होतं, मागच्या चाकाला टेकून झोपलेलं. फोटो अजून आलेला नाही हे नम्रपणे नमूद करते.

कोयनाकाठ | २१ डिसेंबर, रात्री ८:५५

उशीर झाला, पण करून बघून मगच लिहायचं ठरवलं होतं.

जांभूळला चार्जिंगचा पट्टा घेतला, पांढरा, स्थिर. शिवाय स्टँडजवळच्या रेडियमवाल्याकडे गेले. त्याला आधी वाटलं नंबरप्लेट करायचीये. कुत्र्याला म्हटल्यावर त्याने हातातलं काम ठेवलं. म्हणाला, चिकटपट्टी कापडावर चार दिवस टिकणार नाही, शिवायची फीत घ्या, रस्त्यावर काम करणाऱ्यांच्या जॅकेटला असते ती. दीड मीटर घेतली. जुन्या जीन्सच्या पायातून छातीपट्टा कापला, आईने मशीनवर दुहेरी टीप मारली, दोन्ही कुशींवर आणि छातीवर आडवी फीत. पुढून फक्त गळा दिसतो, पण गाडीसमोर आडवी येते तेव्हा कूस दिसायला हवी, हे गुरुवारच्या त्या टेम्पोमुळे डोक्यात पक्कं बसलंय. उरलेला तुकडा दोरीच्या मुठीजवळ आणि माझ्या सॅकला.

मग भावाला मोटारसायकलवरून लांब पाठवलं आणि येताना काय दिसतं ते सांग म्हटलं. तो म्हणाला, पहिली दिसली ती जांभूळ, पूर्वेकडच्या चिंचेपासूनच, तू नंतर. ते अंतर दुसऱ्या दिवशी पावलांनी मोजलं, १४० पावलं भरलं.

फडाच्या बाजूचा रस्ता सोडला, आता शाळेच्या भिंतीकडून फिरतो. ती रात्री माझ्या खोलीत झोपते, आईची हरकत होती, सध्या आईच तिच्यावर पांघरूण घालते.

लंगडीचं सांगते. दोन पोती भरली, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर ठेवली, खायलाही तिथेच, सहाच्या आत. चार दिवस ढुंकून बघितलं नाही कुणी. पाचव्या रात्री दोन्ही पिल्लं पोत्यावर. लंगडी अजून डांबरावरच, पण सरकत सरकत रस्त्याच्या मधून कडेला आलीये. पिल्लं आठ महिन्यांची आहेत म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे पट्टा नाही बांधला. लंगडीला बांधला असता पण ती हात लावू देत नाही. तिघांच्या नसबंदीसाठी नगरपालिकेत अर्ज दिलाय.

गोठा_आणि_गल्ली | २१ डिसेंबर, रात्री ९:२०

फार छान केलंत. लंगडीला पकडायला जाऊ नका, बिथरून ती रस्त्यावरच पळेल. रोज खाताना तिच्यापासून चार हातांवर नुसत्या बसा, तिच्याकडे न बघता. नसबंदीला नेतील तेव्हा भुलीतच पट्टा घालून द्या म्हणावं.

स्पष्ट_बोलू | २१ डिसेंबर, रात्री ९:२५

अर्जाची पोचपावती घेतलीत ना? जपून ठेवा आणि दर आठवड्याला जाऊन विचारा. पाठपुराव्याला कुणी लागलं तर सांगा, माझं नेहमी कराडला येणं असतं.

पावटा_उसळ | २१ डिसेंबर, रात्री ९:३०

फोटो!!

कोयनाकाठ | २१ डिसेंबर, रात्री ९:३४

स्पष्ट_बोलू, पोचपावती आहे, आणि तुम्हाला नक्की कळवते, मनापासून आभार. पावटा, आत्ता काढला होता पण फ्लॅशमध्ये नुसत्या तीन पांढऱ्या रेघा आणि दोन हिरवे डोळे आलेत, कुत्री कुठेच नाही. उद्या उजेडात काढून टाकते. दाराशी येऊन बसलीये, निघतो आम्ही.